‘गमो’, आमच्या पोफळी आणि रविवारचं भांडण

रविवारी रात्री साडेअकरापर्यंत आमच्या ओटीवर भांडण चाललं होतं. पाऊस एवढा की शेजारच्याला ऐकू जायलाही ओरडावं लागत होतं. त्यामुळे कोण खरंच चिडलंय आणि कोण नुसता पावसामुळे आवाज चढवतोय, तेच कळेना. भांडण कशावरून? २८ वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन सिनेमावरून. मी सोडून दिवेआगरात त्याचं नाव त्या संध्याकाळपर्यंत कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्यात माझ्याकडे पर्यटक नसतात. जून लागला की गणपतीपर्यंत वरच्या हॉलमधल्या गाद्या गुंडाळलेल्याच राहतात आणि हॉलला कुबट वास सुटतो. गेल्या वर्षी मी एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला आणि रविवारी संध्याकाळी तिथे आईची पांढरी चादर ताणून सिनेमे लावायला लागले. ज्याला यायचं त्यानं यावं, पैसे नाहीत, चहा मिळतो. ठाण्यात बारा वर्षं मी सबटायटलचं काम केलंय, त्यामुळे सिनेमा इंग्रजी असला की मी चादरीच्या बाजूला उभी राहून संवाद मराठीत सांगते. पोरांना हे आवडतं. मान खाली-वर करत वाचावं लागत नाही आणि मध्येच ‘ताई, काय म्हणाला तो?’ असं विचारता येतं.

या रविवारी अकरा जण होते. माझा धाकटा चुलतभाऊ, वय २४. त्याचे दोन मित्र. मोसमात किनाऱ्यावर बनाना बोट चालवणारा एक. भरडखोलचा एक, मासेमारी बंद म्हणून होडी वर ओढून बसलेला. तलाठी भरतीचा अभ्यास करणारी शेजारची मुलगी, तिची मावसबहीण, मला सातवीपर्यंत गणित शिकवलेले सर आणि आणखी दोघं-तिघं. मागे खांबाला टेकून असोली सुपारी सोलत बसलेली आई. सगळे अठराच्या पुढचे. तरी मी आधीच स्पष्ट सांगितलं, की यात पोरं मांजरं मारतात, सोल्यूशन हुंगतात, आणखीही बरंच अंगावर येणारं आहे. नको असेल त्यानं आत्ताच चहा पिऊन जावं. कुणीच उठलं नाही. असं सांगितल्यावर कोण उठतंय!

सिनेमा होता ‘गमो’. हार्मनी कोरीन या दिग्दर्शकाचा पहिलाच, १९९७ सालचा. तेव्हा तो स्वतः २४ वर्षांचा होता. गाव दाखवलंय ओहायो राज्यातलं झीनिया. हे गाव खरंच आहे आणि ३ एप्रिल १९७४ ला त्याच्यावर टोर्नेडो, म्हणजे प्रचंड वावटळीसारखं वादळ, आदळलं, हेही खरं. तीसहून जास्त माणसं गेली. सिनेमाच्या सुरुवातीलाच एक किडकिडीत मुलगा हळू आवाजात ते वादळ सांगतो. कुत्री मेली, मांजरं मेली, घरं फाटली, झाडांच्या फांद्यांवर गळ्यातले हार लटकलेले दिसत होते. एवढं सांगून वादळ संपतं. पुढच्या दीड तासात त्याचं काही येत नाही. येतात ती दोन पोरं, सॉलोमन आणि टमलर, सायकलवरून हिंडणारी. छऱ्याच्या बंदुकीनं भटकी मांजरं मारायची, दुकानदाराला विकायची, मिळालेल्या पैशात सोल्यूशन घ्यायचं. सशाचे गुलाबी कान डोक्यावर घातलेला एक मुलगा हमरस्त्यावरच्या पुलावर उघड्या अंगानं उभा असतो. तीन बहिणी आपलं हरवलेलं मांजर शोधत फिरतात. गोष्ट अशी नाहीच. तुकडे आहेत. काही फिल्मवर चित्रित केलेले, काही घरगुती व्हिडिओसारखे, मध्येच फोटो.

तो अमेरिकेत लागला ऑक्टोबर १९९७ मध्ये. पुढच्याच महिन्यात, १७ नोव्हेंबरला, आमच्या गावातल्या एका पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात सोन्याच्या गणपतीचा मुखवटा. मी दहा वर्षांची होते. आजीचा हात धरून बघायला गेलेली मला आठवतेय. त्या गणपतीमुळे गाव नकाशावर आलं, घरोघरी खोल्या भाड्यानं द्यायला लागले. मार्च २०१२ मध्ये दोन पहारेकऱ्यांना मारून तो चोरीला गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये परत बसला. सिनेमाशी याचा संबंध काही नाही. पण तारखा शेजारी-शेजारी आल्या की मला त्या लिहून ठेवाव्याशा वाटतात.

मी ‘गमो’ पहिल्यांदा लावला २०१३ मध्ये, ठाण्यात, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. चाळीस मिनिटांनी बंद केला. मला किळस आली आणि रागही आला. मग या जूनमध्ये माझ्यासोबत काम केलेल्या एकीचा फोन आला. तीन जून होती. तिनं आठवणीनं फोन केला याचं मला फार बरं वाटलं. ती म्हणाली, ‘पाच वर्षं झाली ना गं निसर्ग वादळाला? आता वाडी परत उभी असेल नाही?’ मी ‘हो, लावलीय’ म्हटलं. फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी मला का कोण जाणे, त्या किडकिडीत मुलाचा आवाज आठवला.

आता माझ्या या चुलतभावाबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय रविवारचं भांडण कळणार नाही.

पोफळ म्हणजे पन्नास-साठ फुटांची एक काठी. जाडी म्हणाल तर दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढीच. तिच्यावर चढणारा पायात दोरीचा वळसा घालतो, कमरेला कोयती अडकवतो आणि बेडकासारखा वर सरकत जातो. घोस कापून झाला की तो खाली उतरत नाही. वरच्या वर झाड हलवायला लागतो. पोफळ डोलते, जास्त डोलते, आणि शेजारच्या पोफळीच्या जवळ गेली की हा हात टाकून तिला धरतो आणि तिच्यावर जातो. सोडलेली पोफळ मागे सटकन उभी राहते. एकदा चढला की दहा-बारा झाडं करूनच माणूस जमिनीवर येतो. माझा भाऊ काकांकडून हे शिकला चौदा-पंधराव्या वर्षी. बारावीला दोन विषय राहिले, ते त्यानं परत दिले नाहीत. घरात त्यावरून बोलणी बसायची. पण आमच्या पाखाडीत, म्हणजे आळीत, त्याच्याइतका हलका पाय कुणाचा नव्हता. लोक वाट बघायचे त्याची.

मी २०२० ला शिमग्याला आले होते ती टाळेबंदीत इथेच अडकले. ३ जूनला वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे मधल्या खोलीत होतो, दोन्ही घरं मिळून नऊ माणसं. दुपारी साडेबाराच्या पुढे वारा असा सुटला की आवाज वेगळे कळेनात. वेधशाळेनं नंतर ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वेग सांगितला. कौलं गेली, मग पडवीचे पत्रे गेले. माड मुळासकट उपटले जात होते, त्यांचा धप्प आवाज यायचा. पोफळी मधूनच मोडत होत्या. भाऊ दाराच्या फटीतून बघत होता आणि मोजत होता. आधी मोठ्यानं, मग मनात, मग त्यानं मोजणं सोडलं. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा आमच्या चौदा गुंठ्यांतल्या सव्वादोनशे पोफळींपैकी एकवीस उभ्या होत्या. त्यातल्या दोन शेजारी-शेजारी असतील तर शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा करायला कोण गेलं? ज्यांना गाव ‘उनाड’ म्हणायचं तीच पोरं. कोयते, करवती, एक लाकूड कापायचं यंत्र, त्यातलं पेट्रोल दुपारी संपलं. आमच्या पाखाडीपासून बोर्लीच्या रस्त्यापर्यंत आडवे माड तोडत गेले ते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या भावानं बोर्लीपर्यंत चालत जाऊन आणल्या. दिवे यायला आमच्याकडे महिन्याच्या वर लागला. पंधरा दिवस कॅमेरे येत होते, मग ते थांबले. बागायतीची भरपाई हेक्टरी ५० हजार ठरली. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. इथे कुणाची वाडी दहा गुंठे, कुणाची पंधरा. आमचा हिशोब सात हजारांच्या आसपास. त्यात पडलेली झाडं उचलायची मजुरीसुद्धा निघाली नाही. मग रोपं लावली, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळानं त्यातली काही झोपवली, परत लावली. सुपारीच्या रोपाला पहिलं फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आणि वरच्या वर एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येईल एवढी उंच, लवचीक व्हायला किती, ते विचारू नका.

भाऊ आता काय करतो? मोसमात कुणाच्या गाडीवर ड्रायव्हर जातो. शिमग्याला पालखी नाचवतो, त्यात त्याच्याइतका कुणी नाही. बाकी दिवस समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कट्ट्यावर. पावसापूर्वी कोळेरोगाची फवारणी करायला त्याला कुणी बोलावतं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या वाडीत तो वर चढलेला मी खालून बघत होते. फवारून झालं आणि त्यानं सवयीनं झाड डोलवायला सुरुवात केली. दोनदा, तीनदा, चांगलं वाकलं ते. त्या बाजूला काही नव्हतं. झाड परत सरळ होईपर्यंत तो तसाच धरून राहिला आणि मग उतरला.

सिनेमाबद्दल पहिलं तोंड सरांनी उघडलं. ‘हा सिनेमा नाही, ही घाण आहे. पोरांपुढे काय ठेवायचं याचा विचार करावा माणसानं.’ सरांविषयी मला फार आदर आहे आणि ते तावातावानं बोलत होते, ते काळजीपोटीच. मी त्यांना सांगितलं की सर, तुम्ही एकटे नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक जॅनेट मॅस्लिन यांनी ऑक्टोबरातच जाहीर करून टाकलं होतं की वर्षातला सर्वांत वाईट सिनेमा हाच, उरलेले दोन महिने बघायचीही गरज नाही. दुसरीकडे त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षक महासंघानं त्याची खास दखल घेतली. आणि वर्नर हर्झोगसारखा बुजुर्ग दिग्दर्शक त्याच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे रविवारी आमच्या ओटीवर जे झालं ते तिकडे आधीच होऊन गेलेलं आहे.

सरांचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर होता. ‘सुरुवातीला वादळाचं सांगितलं. मग पुढे त्याचं काय? त्या वादळाचा आणि या चाळ्यांचा संबंध कुठे दाखवलाय?’

भाऊ सहसा बोलत नाही. सिनेमाभर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला होता. तो म्हणाला, ‘वादळ परत कशाला दाखवायचं, सर? झालं की ते.’

मला त्या क्षणी २०१३ मधली मी आठवले. चाळीस मिनिटांत लॅपटॉप बंद करणारी. सिनेमात पोरं वाईट वागतात, त्यांना कुणी थांबवत नाही, त्यांना कुठे जायचं नाही, म्हणून मला राग आला होता. मला वाटलं होतं की दिग्दर्शकानं निदान कारण तरी द्यावं. कारण पहिल्या मिनिटात दिलेलं होतं आणि मी ते प्रस्तावना समजून सोडून दिलं होतं. वादळ सगळे दाखवतात. आमचंही दाखवलं, ड्रोननं दाखवलं. वादळानंतरचं पाचवं वर्ष कोण दाखवतं? त्यात बघण्यासारखं काही घडतच नाही. एक मुलगा कट्ट्यावर बसतो, उठतो, परत बसतो. ते दीड तास बघायला लावणं, मधे गोष्टीचा आधार न देता, हे मला आता या सिनेमाचं मोठं धाडस वाटतं. माझं मत बदललंय आणि ते मी इथे लिहून ठेवतेय.

आपल्याकडे या पोरांसाठी शब्द भरपूर आहेत. उनाड, रिकामटेकडा, उडाणटप्पू, वाया गेलेला. मीसुद्धा भावाला यातले दोन तरी तोंडावर म्हटलेत. त्याला दिशा नाही असं म्हणताना मी हे विसरत होते, की त्याला दिशा होती. ती साठ फूट उंच होती आणि ३ जूनच्या दुपारी मोडली.

भरडखोलचा मुलगा मात्र अर्ध्यातून उठून गेला. दोन पोरं टांगलेल्या मेलेल्या मांजराला चाबकानं मारतात, तिथे. ओटीवर जाऊन बसला, परत आत आला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाला, ‘बंदरावर सात मांजरं हायत माझी, ताई. मला नाय बघवत.’ यावर काय वाद घालणार? त्याचं बरोबर आहे. मी त्याला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. बनाना बोटवाला थोडा वेळ झोपला, उठून म्हणाला यात स्टोरीच नाय.

सर्वांत धारदार बोलली ती भरतीवाली मुलगी. तिला सिनेमा समजला नाही असं कुणी म्हणूच शकणार नाही. तिनं माझ्यापेक्षा नीट बघितला. ती म्हणाली, ‘गरिबाच्या घरात कॅमेरा घालायचा, त्याची घाण दाखवायची आणि बाहेर जाऊन शाबासकी घ्यायची. ती पोरं तिथेच.’ त्यात एका प्रसंगात डाउन सिंड्रोम असलेली मुलगी आहे, तिच्याबाबत जे दाखवलंय त्यावर ती सर्वांत जास्त चिडली. ‘तिला विचारलं असेल का हे काय चाललंय ते?’

मी तिला चित्रीकरणाबद्दल मला ठाऊक होतं ते सांगितलं, आणि त्यानं माझीच बाजू कमकुवत झाली. सिनेमा झीनियात चित्रित झालेलाच नाही. तो झाला टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या गरीब वस्त्यांमध्ये. बहुतेक माणसं तिथलीच, अभिनय न केलेली. घरं खरी. एका घरात इतकी घाण आणि झुरळं होती की काम करणाऱ्यांनी अंगभर झाकणारे सूट घातले. कोरीन नॅशव्हिलमध्येच वाढलेला, त्यामुळे तो परका नव्हता. हे मी म्हटलं. ती म्हणाली, ‘पण राहायला तिथे नव्हता ना? त्या घरात?’

मग तिनं २०२० ची आठवण काढली. मदतीचं सामान घेऊन एक गाडी आली होती. कुणाची ते मी लिहीत नाही. तिच्या बाबांना तांदूळ-डाळीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभं केलं आणि कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. फोटो नीट आला नाही म्हणून परत. पिशवी परत हातात द्यायला लावली. तिचे बाबा आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेले, वीस माडांचे मालक. ती तेव्हा २१ ची, दारात उभी होती. ‘त्या फोटोत बाबा जसे दिसतात ना, तशी मला यातली सगळी माणसं दिसली,’ ती म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नाही. आजही, चार दिवसांनी, नाही. मी एवढंच म्हणू शकते की पिशवीचा फोटो बाबांना एका ओळीत बसवतो, मदत मिळालेला गरीब माणूस. या सिनेमातली माणसं कुठल्या ओळीत बसत नाहीत. ती खोड्या काढतात, खुर्चीशी कुस्ती खेळतात, हसतात, आरशासमोर उभी राहतात. पण डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या प्रसंगाबाबत मी तिच्या बाजूनं आहे. तो नसता तर काही बिघडलं नसतं. आणि झीनियाचं नावही मला खटकतं. ते गाव परत उभं राहिलं, लोकांनी उभं केलं. कुणी दुसरीकडे कुठे चित्रित करून त्याला दिवेआगर म्हणालं आणि आमची पोरं मांजरं विकतात असं दाखवलं, तर मी पहिली भांडायला जाईन.

तिची मावसबहीण तोपर्यंत गप्प होती. तिनं एकच गोष्ट काढली. सिनेमातल्या बहिणी मांजर शोधायला बाहेर तर पडतात. ‘आम्ही रिकाम्या असलो तर कुठे बसायचं?’ बंदरावर, कट्ट्यावर, पारावर पोरं. मुलगी रिकामी असेल तर तिला कुणी रिकामटेकडी म्हणत नाही, ‘ती सध्या घरीच असते’ म्हणतात. बी.कॉम. होऊन चार वर्षं घरी असलेल्या मुली मी या पाखाडीत बोटांवर मोजू शकते आणि बोटं पुरत नाहीत. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला तर तो एका खोलीत, एका खिडकीशी होईल. बहुतेक त्यात पुलाएवढीसुद्धा मोकळी जागा नसेल. मला तो बघायचा आहे. या मुद्द्यावर पोरं गप्प झाली, आणि त्यांनी गप्प व्हावं असं मलाही वाटत होतं.

या सगळ्यात आई. तिला गोऱ्यांचं इंग्रजी कळत नाही आणि मी सांगितलेलं मराठी तिला पावसात ऐकू येत नव्हतं. तिनं नुसतं बघितलं. त्यात एक न्हाणीघराचा प्रसंग आहे, खूप गाजलेला. सॉलोमन टबमध्ये बसलाय. पाणी गढूळ. आई त्याचं डोकं शांपूनं चोळतेय आणि समोर ताट आणून ठेवलंय, शेवयांसारखं स्पॅगेटी आणि दुधाचा पेला. तो त्या पाण्यात बसून जेवतो, वर चॉकलेट खातो. सरांनी मान फिरवली. पोरं ‘ई’ म्हणाली. आईचा सुपारी सोलणारा हात थांबला. नंतर सगळे घाण घाण करत होते तेव्हा ती म्हणाली, ‘डोकं धुतेय गं ती त्याचं. जेवायला घालतेय वेळेवर. एवढं असल्यावर पोरगं कायमचं वाईट होत नाही.’ सर काही बोलले नाहीत. मीही नाही. मी या सिनेमावर इतकं वाचलंय, पण त्या बाईकडे आई म्हणून बघायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच न्हाणीत मागच्या टाइल्सवर चिकटपट्टीनं मांसाची एक तळलेली पट्टी चिकटवलेली आहे. बेकन. कशासाठी, कुणी सांगत नाही. हर्झोगला ती पट्टीच सर्वांत जास्त भावली होती, तिच्याबद्दल तो भरभरून बोललाय. मी मुद्दाम तिथे सिनेमा थांबवून पोरांना ती दाखवली. सगळे हसले. भाऊ हसला नाही. म्हणाला, ‘आमच्या खिडकीचा फ्लेक्स.’

मला कळलं नाही. तो म्हणाला, ‘जाऊन बघ.’

शेवटच्या दहा मिनिटांत वीज गेली. आमच्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालत नाही. मी पुढचं तोंडी सांगितलं, पावसात ते सशाचे कान, पोहण्याचा तलाव, ते जुनं गाणं. तोंडी सांगून त्यात काही उरत नाही. मग सगळे ओटीवर आले आणि भांडण सुरू झालं, ते वर लिहिलंय.

सोमवारी दुपारी मी काकूकडे गेले. रोज जाते. त्या घराच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं माझी ये-जा आहे. पूर्वेची खिडकी, चुलीच्या बाजूची. तिची काच निसर्गमध्ये फुटली. तिथे एक फ्लेक्स ताणून, चारही कडांना तपकिरी चिकटपट्टी लावून बसवलाय. पट्टीवर पट्टी, थर झालेत, दर पावसाळ्याचा एक. फ्लेक्स कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. चेहरा उन्हानं उडालाय, फेट्याचा केशरी रंग तेवढा राहिलाय. खाली ‘शुभेच्छुक’ आणि दोन ओळी अर्धवट. काकू त्याच्यासमोर उभी राहून रोज भाकऱ्या थापते. मी त्याच्याखाली बसून शंभरदा चहा प्यायलेय आणि तो मला एकदाही दिसला नव्हता.

भाऊ दारात उभा होता, मी बघतेय ते बघत. मी मोजायची टेप मागितली, त्यानं शोधून दिली. बावीस इंच बाय एकतीस. कागदावर लिहून घेतलं. म्हटलं, बुधवारी मला श्रीवर्धनला जायचंच आहे, काच कापून आणते.

काकूनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, ‘आत्ता पावसात नको गं काढूस ते, पाणी येईल सगळं आत. पाऊस संपल्यावर बघू.’